निवृत्तीनंतर कोणत्या गावी राहावे? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

निवृत्तीनंतर मोठे शहर सोडून एखाद्या निवांत गावी स्थायिक व्हावे का, आणि व्हायचे तर कोठे, असे विचारणारी पत्रे या सदराकडे सातत्याने येत असतात. त्यांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून माझी पत्नी पुढील वर्षी शाळेतून निवृत्त होईल. डोंबिवलीची सदनिका विकून एखाद्या लहान गावी स्वतंत्र घर घ्यावे, असा आमचा विचार आहे. मला दापोलीची हवा फार आवडते, पत्नीचा ओढा वाईकडे आहे आणि तिचे माहेर मिरजेचे असल्याने सांगली-मिरजेचाही विचार मनात येतो. आमची एकुलती एक मुलगी बंगळूरला असते. कोणते गाव निवडावे?

उत्तर : गावांची तुलना करण्याआधी, त्या घरात नेमके कोण राहणार आहे, हे आपण दोघांनी एकमेकांशी स्पष्टपणे बोलून घ्यावे. निर्णय घेणारे आपण आज साठीच्या आसपासचे, गाडी चालवणारे, जिना सहज चढणारे जोडपे आहात. परंतु त्या घरात सर्वांत अडचणीचा काळ काढणारी व्यक्ती ऐंशीच्या घरातील आणि बहुधा एकटी असणार आहे. आपल्याकडे पती वयाने मोठा असतो आणि स्त्रियांचे आयुर्मान अधिक असते, त्यामुळे मागे राहणारी व्यक्ती बहुतेक वेळा पत्नीच असते. हा विषय घरात काढणे जड जाते हे मला ठाऊक आहे, तरीही गावाची निवड त्याच प्रश्नापासून सुरू करावी असे माझे ठाम मत आहे. ‘आपल्याला कोठे आवडेल?’ याऐवजी ‘आपल्यापैकी एकालाच राहावे लागले तर कोठे निभेल?’ असे विचारले की तिन्ही गावे वेगळी दिसू लागतात.

दापोलीची हवा आपण म्हणता तशीच आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फुटांवर असल्यामुळे किनाऱ्यावरचा उकाडा तेथे कमी जाणवतो, आणि कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून तेथे असल्यामुळे गावाला शिकल्या-सवरल्या माणसांचा शेजार आहे. परंतु रेल्वे दापोलीला नाही. सर्वांत जवळचे स्थानक खेड, म्हणजे सुमारे तीस किलोमीटरचा वळणांचा रस्ता. मोठ्या उपचारांसाठी चिपळूणच्या पलीकडे डेरवणच्या रुग्णालयापर्यंत किंवा थेट मुंबई-पुण्याकडे जावे लागते. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात जुलै-ऑगस्टच्या रात्री तो प्रवास किती वेळ घेईल, याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील कित्येक घरांची छपरे उडवली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या आणि अनेक गावांत वीज परत यायला आठवड्यांमागून आठवडे गेले. तरुण माणसे अशा वेळी छपरावर चढतात, पाणी शेंदतात, मोबाइलच्या रेंजसाठी टेकडीवर जातात. पंचाहत्तरीतील एकट्या व्यक्तीला हे जमणार नाही.

वाईचा मोह कोणालाही पडावा. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, प्राज्ञपाठशाळेची परंपरा आणि मराठी विश्वकोशाचे काम ज्या गावातून चालले त्या गावाची वाचनाची आवड, हे सारे खरे आहे. हवामानही सुखाचे आहे. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ५५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, परंतु तेथून जेमतेम पस्तीस किलोमीटरवर असलेली वाई सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येत असल्याने तेथे त्याचा लहानसा अंशच पडतो. घरे कोरडी राहतात आणि सांधेदुखीच्या माणसाला हा फरक पहिल्याच वर्षी कळतो. पुणे-बंगळूर महामार्ग सुरूर फाट्यावर जवळच मिळतो आणि सातारा तासाभराच्या आत आहे. उणीव इतकीच की शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात पाचगणी-महाबळेश्वरकडे निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या पसरणी घाटाच्या तोंडाशी गर्दी करतात आणि गावातून बाहेर पडणेही कठीण होते. घर घेतलेच तर त्या रस्त्यापासून दूरच्या बाजूला घ्यावे, आणि नदीकाठी घेण्यापूर्वी धोम धरणातून विसर्ग सुरू असताना पाणी कोठवर येते, हे तेथील जुन्या रहिवाशांना विचारावे.

तरीही आपल्या बाबतीत माझा कौल मिरजेला आहे. गाव म्हणून मिरज या तिघांत सर्वांत देखणे नाही; एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि स्थानकाभोवतीच्या रस्त्यांवर गोंगाटही असतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तेथे मिशनचे रुग्णालय उभारल्यापासून मिरज हे वैद्यकीय गाव म्हणूनच वाढले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेथे आहे, आणि दक्षिण महाराष्ट्राबरोबर उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण तेथे येतात. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्यापूर्वी सीटी स्कॅन होणे आवश्यक असते. रात्री दोन वाजता हे सर्व गावातल्या गावात होणे आणि त्यासाठी घाट उतरून जावे लागणे, यातील अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट नेहमीच्या उपचारांची. मोतीबिंदू, दात, गुडघ्यानंतरची फिजिओथेरपी आणि दुर्दैवाने वेळ आलीच तर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, यांसाठी दर खेपेला गाडी करून परगावी जावे लागले, तर निवृत्तिवेतनही संपते आणि उमेदही.

दुसरे कारण मुलीचे. मिरज हे पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर या चारही दिशांचे जंक्शन आहे आणि तेथून बंगळूरला थेट रेल्वे आहे. दापोलीला पोहोचायला तिला जो वेळ लागेल, त्यामुळे ती आपोआप वर्षातून एकदाच येईल.

तिसरे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण आपल्या पत्नीचे माहेर. आपण पत्रात त्याचा उल्लेख अगदी ओझरता केला आहे. भाऊ-भावजय, शाळेतल्या मैत्रिणी, लहानपणापासून ओळखणारे दुकानदार, तापाने पडल्यावर न सांगता डबा घेऊन येणारी मावसबहीण, ही माणसे साठीनंतर नव्या गावात जोडता येत नाहीत. मागे राहणारी व्यक्ती बहुधा पत्नी असेल, तर तिच्या ओळखीचे गाव निवडणे हाच शहाणपणा आहे. आपल्यालाही तेथे रुक्ष वाटण्याचे कारण नाही. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ मिरासाहेबांच्या दर्ग्यात दरवर्षी संगीत सभा होते, तंबोरे-सतारी घडवणाऱ्या कारागिरांची घरे तेथे आहेत, आणि शेजारची सांगली तर १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांच्या ‘सीता स्वयंवरा’ने मराठी रंगभूमीला जन्म देणारे गाव आहे.

सांगलीच्या बाजूला घर पाहताना मात्र कृष्णेचा पूर विसरू नये. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी शहरात पाणी शिरले. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. गावभाग, मारुती चौक आणि सांगलीवाडी या भागांना फटका बसला, तर विश्रामबाग आणि मिरज रस्त्याचा उंचावरचा पट्टा तुलनेने वाचला. दलाल काहीही सांगो, जागा पाहताना शेजारच्या तीन-चार घरांत जाऊन ‘एकोणीस साली पाणी कोठवर होते?’ असे विचारावे. तेथील लोक भिंतीवरची खूण दाखवतात.

शेवटचा आणि आग्रहाचा सल्ला असा की डोंबिवलीची सदनिका लगेच विकू नये. ती भाड्याने द्यावी आणि त्या भाड्यातून मिरजेत तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत निदान एक वर्ष भाड्याने राहून पाहावे. त्या वर्षात उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही आले पाहिजेत. दूध, भाजी, औषधे, बँक आणि एसटीचा थांबा पायी गाठता येतो का, हे गाडी न काढता पाहावे. राज्यात एसटीचा प्रवास ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत आणि ६५ ते ७५ वयाच्या नागरिकांना निम्म्या भाड्यात आहे, महिलांनाही निम्मे भाडे आहे. गाडी चालवणे थांबल्यावर या सवलतीचे मोल कळते, पण थांबा घराजवळ असला तरच.

प्रश्न : पाचगणी किंवा महाबळेश्वर येथे बंगल्यासाठी भूखंड घेऊन निवृत्तीनंतर कायमचे राहावे असे वाटते. आपले मत काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कायमच्या वास्तव्यासाठी माझे मत प्रतिकूल आहे. महाबळेश्वरला पावसाळ्याचे चार महिने धुके आणि ओल यांत जातात, घरांना गवताच्या झडी बांधाव्या लागतात, आणि दम्याच्या किंवा संधिवाताच्या माणसाचे तेथे हाल होतात. शिवाय २००१ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. बांधकाम, वृक्षतोड आणि जमिनीचा वापर यांवर कडक निर्बंध आहेत. ‘पुढे परवानगी मिळून जाईल’ या बोलीवर दिला जाणारा भूखंड घेऊ नये. हवा आवडत असेल तर वाईत राहावे आणि वाटेल तेव्हा घाट चढून जावे.

प्रश्न : सावंतवाडीपासून काही अंतरावर आमचे वडिलोपार्जित चिरेबंदी घर आहे. गेली कित्येक वर्षे ते गणपती आणि शिमग्यापुरतेच उघडते. मुंबईतील नोकरी संपल्यावर घराची डागडुजी करून तेथेच राहावे अशी तीव्र इच्छा आहे. निवृत्तीची सर्व रक्कम त्यात घालणे योग्य ठरेल का? (एक वाचक, परळ, मुंबई)

उत्तर : आपली ओढ मी समजू शकतो आणि ती मोडून काढण्याचा माझा हेतू नाही, परंतु पैसे घालण्याआधी त्या घरावर नाव कोणाकोणाचे आहे, हे तपासावे. कोकणात सातबाऱ्यावर दहा-वीस सहहिस्सेदारांची नावे असणे नित्याचे आहे. घराचा ग्रामपंचायतीकडील आकारणीचा उतारा वेगळा असतो आणि त्यावर बहुधा आजोबांचे किंवा थोरल्या काकांचे नाव तसेच राहिलेले असते. आज कोणाची तक्रार नसली, तरी आपण लाखो रुपये खर्चून छप्पर नवे केल्यावर आणि संडास-बाथरूम घरात घेतल्यावर चुलतभावांच्या पुढच्या पिढीला आपला हिस्सा आठवतो, आणि मग दोष कोणाचा हे ठरवण्यात म्हातारपण निघून जाते. म्हणून आधी वाटणीपत्र करून ते नोंदवावे, किंवा निदान आपल्या हयातीत आपण व पत्नी तेथे राहू आणि दुरुस्तीचा खर्च अमुक प्रकारे धरला जाईल, असा लेखी करार सर्वांच्या सह्यांनिशी करून घ्यावा. हे काम भावकीतील वडीलधारी माणसे हयात आहेत तोवरच सोपे असते.

घराच्या कामात प्रथम वाळवी आणि छप्पर यांकडे पाहावे. वासे-रिपा पोखरल्या असतील तर वरची कौले बदलून काहीही साधत नाही. उंबरे, उंच पायऱ्या, अंगणापलीकडचे न्हाणीघर आणि विहिरीचा रहाट हे सर्व बालपणी गोड वाटते. सत्तरीत त्याच जागी माणसे पडतात. निदान एक खोली, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर एकाच पातळीवर आणावे.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सोयी गेल्या काही वर्षांत सुधारल्या आहेत. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे आणि जानेवारी २०२३ पासून उत्तर गोव्यातील मोप्याचा विमानतळ चालू झाल्याने परगावच्या मुलांना येणे सोपे झाले आहे. परंतु गंभीर रुग्णाला आजही बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा घाटावर कोल्हापूरला नेण्याचीच रीत आहे. यापेक्षाही मला काळजी वाटते ती आपल्या वाडीची. तेथे बारमाही उघडी घरे किती आहेत? गणपतीत दिवे लागलेली घरे मोजू नयेत, ऑगस्टच्या मध्यावरच्या एखाद्या साध्या मंगळवारी मोजावीत. माडावर चढायला, गडगा बांधायला, रात्री रिक्षा काढायला माणूस मिळतो का, हे पाहावे. वाडीत चार-पाच घरे जरी नांदती असतील तर आपण निश्चिंत जावे. ती नसतील, तर सावंतवाडी शहरात मोती तलावाच्या परिसरात चालत बाजार गाठता येईल अशी लहान जागा भाड्याने घ्यावी आणि गावच्या घरी सणावारी, आंब्याच्या दिवसांत, वाटेल तितके राहावे. निवृत्तीची सर्व रक्कम घरात घालू नये, हे तर निःसंदिग्धपणे सांगतो. औषधोपचारांसाठी लागणारा पैसा चिऱ्यात अडकला तर तो वेळेवर मोकळा होत नाही.

प्रश्न : आम्ही अनेक वर्षे अमेरिकेत राहून आता तेथील नागरिक झालो आहोत. नाशिक किंवा साताऱ्याजवळ थोडी शेती घेऊन फार्महाऊस बांधावे आणि वर्षातील सहा महिने तेथे राहावे असा मानस आहे. (एक दांपत्य, न्यू जर्सी)

उत्तर : शेतीचा विचार सोडून द्यावा लागेल. अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळ भारतीय) भारतात निवासी किंवा व्यापारी मिळकत विकत घेऊ शकतात, पण शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेऊ शकत नाहीत. महाराष्ट्रात तर शेतकरी नसलेल्या स्थानिकालाही कुळकायद्यानुसार परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. नात्यातील कोणाच्या नावावर जमीन घेऊन ठेवण्याचा मार्ग सुचवला जातो. तो बेकायदा आहे आणि नात्यालाही घातक आहे. शहरातील सदनिका किंवा अकृषिक परवानगी झालेल्या भूखंडावरचे घर घ्यावे, आणि वर्षातील सहा महिने ते बंद राहणार असल्याने स्वतंत्र बंगल्यापेक्षा सोसायटीतील सदनिकाच बरी.

आरोग्यविम्याची घाई मात्र आजच करावी. अमेरिकेतील मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, सामान्यतः भारतातील उपचारांचा खर्च देत नाही. भारतीय विम्यात पूर्वीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. म्हणजे येण्याचे नक्की झाल्यावर विमा घेतला, तर नेमक्या गरजेच्या वर्षांत त्याचा उपयोग होणार नाही.

प्रश्न : मी नागपूरची सेवानिवृत्त शिक्षिका असून पतीच्या निधनानंतर एकटी राहते. मुलगा पुण्यात आहे. नागपूरचे घर त्याच्या नावे करून त्याच्या जवळपास, तळेगाव दाभाडे परिसरात ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या संकुलात अनामत रक्कम भरून राहावे, असे तो सुचवतो. नागपूरचा उन्हाळा आता सोसत नाही, हेही खरे. मी काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळे निर्णय एकत्र आले आहेत. घर सोडणे हा एक आणि घर दुसऱ्याच्या नावे करणे हा दुसरा. पहिला आपण विचारपूर्वक घेऊ शकता. दुसरा आज घेण्याची काहीच आवश्यकता नाही. मुलाविषयी कोणतीही शंका मनात न आणता सांगतो की बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करावे. बक्षीसपत्राने मालकी ताबडतोब जाते, मृत्युपत्र आपण कधीही बदलू शकता. काही कारणाने बक्षीसपत्रच करायचे ठरले, तर आपला सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी; कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याण कायद्यातील कलम २३ चा आधार घेऊन, सांभाळ न झाल्यास बक्षीसपत्र रद्द करून घेताना ती अट दस्तात असणे फार उपयोगी पडते. नागपूरचे घर भाड्याने दिले तर संकुलाच्या मासिक खर्चाचा काही भाग त्यातून निघेल आणि परतीचा मार्गही उघडा राहील.

तळेगावची निवड मला पसंत आहे. पुणे-लोणावळा लोकलमुळे मुलाला गाडी न काढता येता येते, हवा नागपूरपेक्षा कितीतरी सौम्य आहे आणि गावात वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. आपल्याला उन्हाळाच तेवढा नको असेल, तर पहिल्या वर्षी मार्च ते जून एवढेच तेथे राहून पाहावे. बहुतेक संकुले काही आठवडे किंवा महिने राहण्याची सोय देतात. त्या मुक्कामात बागेपेक्षा भोजनगृहात अधिक बसावे आणि तेथे दोन-तीन वर्षे राहिलेल्या स्त्रियांशी बोलावे. जेवण रोजच्या रोज गळ्याखाली उतरते का, रात्रपाळीला परिचारिका खरोखर असते का, एकटेपण वाटते का, हे त्याच सांगतील.

कागदपत्रांत तीन गोष्टी नीट पाहाव्यात. अनामत रकमेतून दरवर्षी किती कपात होते आणि आपण सोडून गेल्यास किंवा आपल्या पश्चात उरलेली रक्कम किती दिवसांत, कोणाला परत मिळते, ही पहिली. मासिक शुल्क दरवर्षी किती वाढवता येईल याला मर्यादा घातली आहे का, ही दुसरी. तिसरी बहुतेक जण विचारायला कचरतात : अंथरुणाला खिळल्यावर किंवा स्मृतिभ्रंश झाल्यावर तेथे राहता येईल का? अनेक ठिकाणी स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश असतो आणि ती क्षमता गेली की नातेवाइकांना बोलावून घेतले जाते. याचे उत्तर तोंडी न घेता करारात लिहून मागावे. संकुल नवे असेल तर महारेराकडील, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडील, नोंदणी पाहावी. ज्येष्ठांसाठीच्या प्रकल्पांकरिता महारेराने २०२४ मध्ये किमान निकष घालून दिले आहेत, आणि त्यांत चाकाची खुर्ची जाईल असे किमान ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, उतार, लिफ्ट आणि न्हाणीघरातील आधाराचे दांडे यांचा समावेश आहे. मोजपट्टी बरोबर न्यावी आणि दरवाजा स्वतः मोजावा.

नागपूर सोडण्यापूर्वी निवृत्तिवेतनाचे खाते नव्या ठिकाणच्या शाखेत हलवावे. नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला आता चेहरा ओळखणाऱ्या मोबाइल अॅपवरूनही देता येतो, त्यासाठी परत जावे लागणार नाही. आपण सत्तरी ओलांडली असेल तर पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांसाठीचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्यावे, आणि तळेगाव परिसरातील कोणती रुग्णालये त्या योजनेत आहेत, याची यादी मुलाकडून आधी मागवून घ्यावी.